चार गोळ्यांचा माणूस

१

मंगळवारी दुपारी गावात गोळ्या वाटणाऱ्या गिरामियानं चौथी बाटली हातावर उपडी केली, बुडावर दोन थापा मारल्या, आणि तिच्या तळहातावर एकच गोळी पडली. समोर रांगेत अख्ख्या दोन वाड्या उभ्या होत्या.

मी तिथंच आंब्याखाली मोटारसायकलवर बसून भाजलेलं कणीस खात होतो. मी ओनेनचान. आरोग्य केंद्राची औषधं, सिस्टर आणि अडलेल्या बाळंतिणी, सगळं माझ्या मागच्या सीटवरून जातं. माझी उंची बेताची आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पाजुरू गावात ते सांगितल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही.

त्या आठवड्यात मात्र मी भलताच खुशीत होतो. नदीच्या आंधळेपणावरच्या गोळ्या आमच्याकडे उंचीप्रमाणे देतात. रंगीत पट्ट्यांची काठी शेजारी उभी करायची आणि डोकं ज्या पट्ट्याला लागेल त्याप्रमाणे गोळ्या मोजायच्या. पिवळ्याला एक, हिरव्याला दोन, निळ्याला तीन, तांबड्याला चार. माझी बायको चारची आणि मी तीनचा, त्यावरून सासुरवाडीत माझी किती टर उडवतात ते विचारू नका. या खेपेला माझं डोकं तांबड्याला लागलं! गिरामियाला वाटलं, ही नव्या बुटांची करामत. तिनं बूट काढायला लावले. अनवाणीसुद्धा चारच.

"केस वाढवलेस की काय?" ती म्हणाली.

"माणूस वाढलाय, वहिनी," मी म्हणालो, आणि चारही गोळ्या तिच्यासमोर एका घोटात गिळल्या.

तर ती माझी खुशी मंगळवारी संपली. संध्याकाळच्या आत जिल्ह्याचे ओपारसाहेब जीपनं हजर झाले. आरोग्य केंद्रातून सहा बाटल्या आल्या होत्या. चार आमच्या, दोन नदीपलीकडच्या उलेगोच्या. उलेगो काँगोत आहे. माणसं आमचीच, भाषा आमचीच, लेकी इकडून तिकडे दिलेल्या. फक्त सरकार वेगळं. त्यांच्या गोळ्यांचा ट्रक चिखलात रुतला होता, आणि दोन्ही सरकारांनी मिळून ठरवलं होतं की दोन्ही तीरांनी एकाच आठवड्यात गोळ्या घ्यायच्या. हा रोग पसरवणारी काळी माशी पूल ओलांडताना कागद दाखवत नाही. एका तीरानं गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्यानं नाही, तर सगळं मुसळ केरात.

"चार बाटल्या गावाला पुरून उरतात," ओपारसाहेब म्हणाले. "दर खेपेला उरल्यात. शेळ्यांच्या जंतांवर हीच गोळी बाजारात खपते, हे मलाही ठाऊक आहे. चोर सापडेपर्यंत उलेगोच्या बाटल्या कुलपात. गुरुवारी दुपारी पुलावर पलीकडचे डॉक्टर येतायत. तोवर उलगडा झाला नाही तर बाटल्या जिल्ह्याला परत, आणि हिचं नाव यादीतून कमी."

आठ वर्षं गिरामिया हे काम करत होती, एका शिलिंगाशिवाय. तिनं मान खाली घातली आणि एवढंच म्हणाली, "मी गोळी उचललेली नाही."

मला इतका राग आला की कणसाचं बुरकुंड मी जीपच्या दिशेनं फेकलं. लागलं नाही, हे बरं झालं.

२

तपास सिस्टर पिथुआकडे आला. ही बाई पन्नाशीची, आवाज खर्जातला, आणि एकदा कशाच्या मागे लागली की मागे लागली. एकदा एका खोकल्याच्या रोग्याला शोधत ती तीन डोंगर चढली होती. तो सापडल्यावर म्हणाला, खोकला थांबला. तरी तिनं त्याला औषध पाजलंच.

"हातात दीड दिवस आहे," बुधवारी सकाळी माझ्या मागे बसत ती म्हणाली. "गाडी चालव. आणि रस्त्यात कुणाशी गप्पा मारायला थांबलास तर इथंच उतरवीन."

"गाडी माझी आहे, सिस्टर."

"म्हणूनच तुलाच उतरवीन."

पहिला आरोग्य केंद्राचा भांडारवाला वाथूम. इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेनं, त्यांतलं एकही उमटत नाही.

"माझ्याकडे कशाला आलात?" तो फणकारला. "बाटल्या कंपनीच्या सीलबंद. मी सीलबंद दिल्या. वाटेत काय झालं ते या उंटाला विचारा." उंट म्हणजे मी. त्याची विनोदबुद्धी ही अशी.

"सील कुणी फोडलं?"

"गिरामियानं. गावासमोर. सगळ्यांनी पाहिलंय."

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाली, "म्हणजे वाथूम सुटला आणि तूही सुटलास. सील फुटेपर्यंत गोळ्या आत होत्या."

मी सुटलो याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण आमच्यातून दोन नावं गळाली, म्हणजे गिरामियाच्या गळ्याभोवतीचा फास तेवढा आवळला गेला. तिच्याजवळ वाटपाच्या वेळी आणखी एकच माणूस बसला होता, उलेगोचा उन्यूथी. पलीकडे गोळ्या वाटायचं काम त्याचं.

उन्यूथी पुलाजवळ भेटला. त्याच्या खांद्याला त्याची स्वतःची काठी होती, तशाच चार रंगांची.

"हो, बसलो होतो दोन दिवस," तो म्हणाला. "सोमवारी शेंगदाण्याच्या वाटणातलं मटणही खाल्लं तिच्याकडे. आमच्या गोळ्या कधी मिळणार ते बघायला आलो होतो. माझ्या गावात दोनशे ऐंशी माणसं वाट बघतायत. मला चोरायच्याच असत्या तर ज्या दोन बाटल्या मला फुकट मिळणार होत्या त्यांवर पाणी सोडून मी तिच्या बाटलीतल्या का चोरीन?"

"शेळ्यांसाठी?"

उन्यूथी हसला. हसण्यात कडवटपणा होता. "सिस्टर, माझी आई नदीनं आंधळी केली. तुम्ही माझी झडती घ्या, घर उचकटा. पण त्या बाटल्या पलीकडे येऊ द्या."

सिस्टरनं झडती घेतली नाही. तिनं एकच प्रश्न विचारला. "दोन दिवस शेजारी बसलास. काही वेगळं दिसलं?"

त्यानं डोकं खाजवलं. "बारकी पोरं खूप आली रांगेत. मागच्या खेपेला ज्यांना 'अजून लहान आहेस' म्हणून परत पाठवलं होतं, ती या वेळी सरळ पिवळ्याला लागली. गिरामिया खूश होती. म्हणाली, यंदा घेवडा पिकलाय, पोरांनी बाळसं धरलंय."

गाडीवर बसल्यावर सिस्टरनं माझा खांदा इतका घट्ट धरला की मला वाटलं आपण खड्ड्यात चाललो आहोत.

३

गिरामियाच्या अंगणात पोचायच्या आधी मी सपशेल तोंडावर आपटलो. तिच्या सासऱ्याच्या झोपडीपुढे एक करडू बांधलेलं होतं. करडू सरकलं, दोर ताणला गेला आणि मी खुंटीला अडखळलो. खुंटी जमिनीबाहेर चार बोटं आलेली. वरच्या तोंडाला चीर, त्या चिरेत दोर अडकवलेला.

"कोण पडलं?" दारात बसलेल्या केरमुंदूबाबांनी विचारलं. त्यांना वीस वर्षांपासून दिसत नाही. नदीकाठची शेती होती, काळ्या माश्यांनी डोळे नेले.

"ओनेनचान, बाबा."

"पडल्याचा आवाज लहानच आला," ते म्हणाले. म्हाताऱ्यानंही सोडलं नाही.

अंगणात ओपारसाहेब आमच्या आधीच येऊन बसले होते. मांडीवर गिरामियाची वही, चेहऱ्यावर समाधान.

"सिस्टर, तुमची मेहनत वाचवली मी," ते म्हणाले. "सापडली चोरी. या वहीप्रमाणे चारही बाटल्या बरोबर संपतात. प्रत्येक गोळी कुणाच्या तरी नावावर आहे."

"मग चोरी कुठं आहे?"

"तीच तर लबाडी. ही मागच्या खेपेची पानं बघा. चाळीस वर्षांची बाई, तीन गोळ्या. या खेपेला तीच बाई, चार. हा गवंडी, तीन, आता चार. हा, ही, हा. मोठी माणसं पाच महिन्यांत वाढतात का? तिनं लिहिल्या चार, दिल्या तीन आणि एकेक बाजूला टाकली. शंभराच्या वर नावं आहेत अशी."

गिरामिया ओसरीच्या कडेला उभी होती. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "साहेब, मी जेवढ्या दिल्या तेवढ्याच लिहिल्यात."

"मग सांग ना, ही माणसं वाढली कशी?"

खरं सांगतो, त्या क्षणी माझाही विश्वास डगमगला. वही तिच्याच अक्षरात होती.

सिस्टरनं वही घेतली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि तिचं बोट एका नावावर थांबलं. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. बाजारात कोंबडी विकत घेताना बघतात तसं, वरपासून खालपर्यंत.

"ओनेनचान," ती म्हणाली, "चोरी झालीच नाही, याचा पुरावा तू आहेस."

४

"तुझ्या नावावर चार आहेत," सिस्टर म्हणाली. "तुला दिल्या किती?"

"चार."

"नीट आठव. लिहिल्या चार आणि दिल्या तीन, असं नाही ना?"

"सिस्टर, ज्या चार गोळ्यांसाठी मी आयुष्यभर झुरलो त्या मोजायला चुकेन का? रांगेतल्या बायकोला हातावर मांडून दाखवल्या आणि मग गिळल्या!"

"ऐकलंत, साहेब? लिहिल्या तेवढ्या दिल्या. आणखी पाच-पन्नास जणांना विचारा, हेच सांगतील. गोळ्या बाजारात गेल्या नाहीत, पोटात गेल्या." तिनं वही मिटली. "आता उरला तुमचाच प्रश्न. मोठी माणसं वाढली कशी? उन्यूथीला बोलवा. काठी घेऊन यायला सांगा."

उन्यूथी आला. सिस्टरनं मला बूट काढायला लावले आणि त्याच्या काठीला पाठ टेकवून उभं केलं. अंगणात एव्हाना पन्नासएक माणसं गोळा झाली होती. मी श्वास ओढून घेतला, मान ताणली.

"टाचा खाली," सिस्टर म्हणाली.

टाचा खाली आल्या. डोकं निळ्या पट्ट्यावर. तीन.

लोक हसले. मी नाही हसलो, कारण दोन दिवसांची माझी बढती सगळ्या गावासमोर गेली होती. पण सिस्टरनं लगेच गिरामियाची काठी मागितली आणि दोन्ही काठ्या जमिनीवर शेजारी आडव्या ठेवल्या. दोन वर्षांपूर्वी दोन्ही देशांच्या माणसांनी एकाच फणसाखाली बसून, एकाच फितीनं मोजून या काठ्या रंगवल्या होत्या. मी होतो तिथं. तिनं पिवळ्याला पिवळा लावला, तांबड्याला तांबडा. रंग अगदी जुळले.

खालची टोकं जुळेनात. पिवळ्याच्या खाली दोन्ही काठ्या कंबरेपर्यंत कोऱ्या असतात. गिरामियाच्या काठीचा कोरा भाग उन्यूथीच्या काठीपेक्षा वीतभराला दोन बोटं कमी, एवढा आखूड होता. टोक कोयत्यानं छाटलेलं.

"माणसं वाढली नाहीत," सिस्टर म्हणाली. "काठी आखूड झाली."

ओपारसाहेब उठून उभे राहिले. "मग हिनंच कापली असेल!"

"कशाला? काठी आखूड झाली की गोळ्या जास्त वाटाव्या लागतात. चोराला त्यातून काय मिळालं?"

"मग कुणी कापली? आणि आठ वर्षं काठी हाताळणाऱ्या बाईला ते दिसलं कसं नाही?"

हा प्रश्न मात्र सिस्टरलाही अडला. तिनं गिरामियाकडे बघितलं. गिरामिया दुसरीकडेच बघत होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

५

साहेब गेले. लोक पांगले. सिस्टर हलली नाही.

"काठी दोन खेपांच्या मधे कुठं असते?"

मीच सांगितलं. काठी असते केरमुंदूबाबांच्या झोपडीत. आमच्यात सून सासऱ्याच्या झोपडीत पाऊल टाकत नाही आणि पोरंही तिथं दंगा करत नाहीत, तेव्हा जपून ठेवायची वस्तू तिथंच जाते. खेप आली की बाबा दारात येऊन काठी देतात. सून गुडघे टेकते, मान खाली घालते, दोन्ही हातांनी घेते. सासऱ्यानं दिलेली वस्तू उलटीपालटी करून बघणारी सून आमच्याकडे अजून जन्मायची आहे.

सिस्टर उठली, करडापाशी गेली आणि खुंटी उपटली. मातीतलं टोक तासून अणकुचीदार केलेलं होतं. तिनं ती काठीच्या छाटलेल्या बुडाला लावली. तासलेलं टोक सगळं जुळलं नाही, पण एका बाजूला सालीची पट्टी शाबूत होती. तिथं लाकडातली एक गाठ अर्धी काठीत होती आणि अर्धी खुंटीत.

करडू मोकळं सुटून पळालं. त्याच्या मागे धावायची मला शुद्ध नव्हती.

"खुंटी कुणी काढली?" दारातून बाबांनी विचारलं.

कुणीच बोललं नाही. गिरामियानं सिस्टरचा हात धरून तिला अंगणाच्या टोकाला नेलं. मीही गेलो.

"सिस्टर, तुमच्या पाया पडते. मामंजींचं नाव घेऊ नका. मला चोर म्हणू देत. आंधळ्या म्हाताऱ्याला पुलावर, दोन देशांच्या माणसांसमोर उभं करायचं? मी जिवंत असताना?"

"आणि उलेगोच्या बाटल्या?"

"मी सांगीन, काठी मी कापली. चूक म्हणून. चोरी नाही ना, मग देतील बाटल्या."

"मी खोटं बोलणार नाही, गिरामिया." सिस्टरचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, पण हटण्यातली ती नव्हती. "काठी आखूड झाली एवढं सांगीन. पुढचं तू बघ. पण खोटं तुला जमणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

६

गुरुवारी दुपारी पुलाच्या इकडच्या टोकाला आम्ही, तिकडच्या टोकाला उलेगोची माणसं आणि मधोमध टेबल. टेबलावर त्या दोन बाटल्या. खाली नदी खळाळत होती. तिच्याच त्या वेगवान पाण्यात माशी वाढते, आणि तरी नदी दिसायला इतकी सुंदर की राग धरवत नाही.

सिस्टरनं दोन्ही काठ्या मांडून सगळं समजावलं. पलीकडच्या डॉक्टरांनी मान डोलावली. ओपारसाहेबांची डोलेना.

"कापली कुणी?"

"मी," गिरामिया म्हणाली.

"का?"

ती अडखळली. "लांब... लांब होत होती."

"आजवर लांब होत नव्हती? बाई, मापाची काठी आहे हे तुला माहीत होतं. माहीत असून कापलीस, म्हणजे ही चूक नाही. काहीतरी लपवतेस तू." साहेबांनी बाटल्या स्वतःकडे ओढल्या. पलीकडच्या टोकाला उन्यूथीनं डोळे मिटून घेतले.

"ती खोटं बोलतेय," मागून आवाज आला.

केरमुंदूबाबा एकटेच आले होते. हाताला कुणी नाही, नदीच्या आवाजाच्या रोखानं, कठड्याला हात लावत. एवढी वर्षं ते नदीकडे फिरकले नव्हते. त्यांच्या दुसऱ्या हातात खुंटी होती.

"मामंजी, घरी चला," गिरामिया पुटपुटली आणि तिथंच पुलावर गुडघ्यांवर बसली.

"गप बस, पोरी. खुंटी उपटली आणि सगळे मुके झाले, तेव्हाच मला कळलं. आंधळा आहे, खुळा नाही." ते टेबलापर्यंत आले. "वादळात दाराला लावायला दुसरं काही हाताशी लागेना, म्हणून ही काठी लावली. खालचं टोक चिरलं. चीर वर चढत गेली तर सुनेच्या रंगापर्यंत जाईल, म्हणून मी चाचपलं. रंग बोटांना लागतो, जाड असतो. रंगाला धक्का लावला नाही मी. खाली काहीच नव्हतं, तिथं छाटलं. वाटलं, हिची काठी वाचवली."

बाबांनी खुंटी टेबलावर ठेवली.

"कोऱ्या जागेतही माप असतं, हे माझ्या बोटांना कुणी सांगितलं नव्हतं," बाबा म्हणाले. "चूक माझी. हिचं नाव पुसू नका. आणि त्या बाटल्या जाऊ द्या पलीकडे. मला आता दिसायचं नाही, तरी दर खेपेला मी गोळ्या खातो. कशासाठी? माशीनं माझ्या अंगातलं काही उचलून पलीकडच्या पोरांना नेऊ नये म्हणून. आणि तुम्ही पलीकडच्यांच्याच गोळ्या अडवता?"

ओपारसाहेबांनी टोपी काढली. त्या माणसाबद्दल मला एवढंच चांगलं सांगता येईल, पण ते सांगायला हवं: त्यांनी बाटल्या उचलल्या, स्वतः पुलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेले आणि उन्यूथीच्या हातात दिल्या. आमच्या दोन वाड्यांसाठी जिल्ह्याची राखीव बाटली त्याच संध्याकाळी माझ्या गाडीवरून आली.

बाबा मात्र हलले नाहीत. त्यांनी उन्यूथीची काठी मागून घेतली, तळाशी बोट फिरवलं आणि चाकू मागितला. अगदी बुडाशी, जमिनीला टेकतं तिथं, त्यांनी एक गोल खाच कोरली.

"आता हे कापलं तर आंधळ्यालाही कळेल," ते म्हणाले. मग त्यांनी पाजुरूसाठी नवी काठी आणायला सांगितली.

आता दोन्ही तीरांवरच्या काठ्यांना खाली खाच असते. मी पुन्हा तीन गोळ्यांचा झालोय, आणि सासुरवाडीत चाललंय ते चाललंयच. पण दर खेपेला, पहिल्या माणसाला मोजायच्या आधी, गिरामिया सासऱ्याच्या दारात गुडघे टेकते. काठी घेते, उलटी करते आणि तिचं बूड त्यांच्या हातात देते. सासऱ्याची वस्तू उलटीपालटी करणारी सून शेवटी आमच्याच गावात निघाली. बाबा खाचेवरून अंगठा फिरवतात. रांग थांबलेली असते.

"आहे," ते म्हणतात. "कर सुरू."